किनाऱ्यावरील जलसुरक्षा वर्गात दिव्यांग मुलांना सामावून घेताना कोणती तयारी हवी?

किनारा_गट (प्रश्न)

नमस्कार. आम्ही काही जण मिळून ८ ते १४ वयोगटातील मुलांसाठी समुद्रकिनाऱ्यावर जलसुरक्षेचे वर्ग घेतो. पाण्याचा अंदाज कसा घ्यावा, झेंड्यांचे अर्थ काय, आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास काय करावे, मदत कशी मागावी आणि दुसरा बुडत असताना आपण स्वतः उडी का घेऊ नये, असा साधारण अभ्यासक्रम आहे. येत्या हंगामापासून दिव्यांग मुलांनाही प्रवेश द्यायचा असे ठरत आहे आणि विचारणा सुरूही झाली आहे. ऑटिझम असलेली मुले, सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअर वापरणारी एक मुलगी, अपस्माराची औषधे चालू असलेला एक मुलगा आणि कर्णबधिर भाऊ-बहीण यांच्या पालकांनी आमच्याशी संपर्क साधला आहे.

आमच्यात दोन मते आहेत. काहींच्या मते सुरुवातीला या मुलांसाठी वर्षातून एकदा स्वतंत्र मेळावा घ्यावा, भरपूर स्वयंसेवक बोलवावेत, मुलांना पाण्याचा आनंद द्यावा आणि अनुभव गाठीशी आल्यावर पुढचा विचार करावा. इतरांना हे पटत नाही. जो अभ्यासक्रम बाकीच्या मुलांसाठी आहे तोच या मुलांनाही मिळाला पाहिजे आणि तो त्याच वर्गात मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील कलम ३० मध्ये खेळ आणि मनोरंजनात दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने सहभाग मिळावा असे स्पष्ट म्हटले आहे, हा त्यांचा आधार. तत्त्व कोणालाच अमान्य नाही, मात्र प्रत्यक्ष वाळूवर उभे राहिल्यावर काय करायचे याबाबत आम्ही चाचपडत आहोत.

म्हणून जाणकारांना विचारतो. वर्ग एकत्र घ्यावा की वेगळा? एका मुलामागे किती माणसे असावीत? पालकांना अवघडल्यासारखे न होता नोंदणी अर्जात काय विचारता येईल? वाळूत चालणारी रुंद चाकांची व्हीलचेअर घेण्यासाठी निधी जमवावा, असाही एक प्रस्ताव आहे. पहिला खर्च तोच असावा का?

ओहोटीची_वेळ

मी जीवरक्षकांना प्रशिक्षण देतो, त्यामुळे माझे उत्तर धोक्याच्या बाजूने येईल हे आधीच सांगून ठेवतो.

वर्षातून एकदाचा मेळावा मला नुसता अपुरा वाटत नाही, काही मुलांच्या बाबतीत तो धोका वाढवणारा वाटतो. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. अशा मुलाला एक दिवस लाटांत मनसोक्त खेळू दिले, चहूबाजूंनी प्रेमळ माणसे ठेवली आणि संध्याकाळी घरी पाठवले, तर पाणी म्हणजे मजा एवढेच त्याच्या मनात पक्के होते. पाण्यापाशी थांबायचे असते, विचारायचे असते, मोठ्या माणसाशिवाय आत जायचे नसते, यातले काहीही त्याने शिकलेले नसते. पुढच्या वेळी तो एकटा घराबाहेर पडेल तेव्हा सरळ पाण्याकडे जाईल, आणि त्या वेळी तिथे स्वयंसेवक नसतील.

ही भीती काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले आणि १ ते ४ वर्षे वयोगटात बुडणे हे मृत्यूचे चौथे मोठे कारण आहे. ही झाली सगळ्या मुलांची गोष्ट. अमेरिकेतील मृत्युनोंदींवर आधारित एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५ वर्षांखालील ऑटिझम असलेल्या मुलांचा बुडून मृत्यू होण्याचा धोका सर्वसाधारण मुलांच्या तुलनेत सुमारे १६० पट आढळला. त्याआधी २०१२ मध्ये तिथेच झालेल्या पालकांच्या पाहणीत ऑटिझम असलेली जवळजवळ निम्मी मुले वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी मोठ्यांची नजर चुकवून निघून गेली होती किंवा त्यांनी तसा प्रयत्न केला होता. म्हणूनच असे मूल दिसेनासे झाले तर आधी पाण्याकडे धावावे आणि मग इतरत्र शोधावे, हा नियम तुमच्या प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असला पाहिजे. स्वच्छतागृह, वाहनतळ, खाऊची दुकाने हे सगळे नंतर.

आता माणसांबद्दल. एका मुलामागे एक हे प्रमाण पाण्यातील कामासाठी ठीक आहे, पण त्या एकाने मुलाला शिकवायचे, धरायचे, हसवायचे आणि त्याच वेळी लाटेवरही लक्ष ठेवायचे, हे होत नाही. गुडघाभर पाण्यात मुलाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रशिक्षकाची पाठ बहुतेक वेळा समुद्राकडे असते. त्यामुळे शिकवणाऱ्यांव्यतिरिक्त फक्त पाहणारी माणसे हवीत. त्यांच्या हातात फोन नको, त्यांच्याशी कोणी गप्पा मारायच्या नाहीत आणि ठरावीक वेळाने त्यांची पाळी बदलली पाहिजे. बुडणारे मूल ओरडेल या भरवशावर तर कोणीच राहू नये. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने बुडणाऱ्यांच्या हालचालींचे निरीक्षण करून दाखवून दिले की बुडणारा माणूस बहुधा हाक मारू शकत नाही आणि साधारण २० ते ६० सेकंदांत पाण्याखाली जातो. ज्या मुलाला एरवीही बोलता येत नाही किंवा हात उचलून खूण करता येत नाही, त्याच्या बाबतीत इशारा मिळण्याची शक्यता आणखी कमी.

रुंद चाकांची व्हीलचेअर जरूर घ्या, पण पहिला पैसा माणसांच्या प्रशिक्षणावर जावा. आणि ती खुर्ची आली तरी एक पथ्य पाळा: पाण्यात असताना मुलाला खुर्चीला पट्ट्याने बांधायचे नाही. आधार आवश्यकच असेल तर एका हाताने, ओल्या बोटांनी, क्षणात सुटणारा पट्टा हवा आणि तो सोडण्याचा सराव प्रत्येकाने केलेला हवा. तरंगणारी खुर्ची शांत पाण्यासाठी असते. फुटणाऱ्या लाटेत ती बाजूने उचलली गेली की उलटते.

दोन_पालकांपैकी_एक

माझ्या मुलाला ऑटिझम आहे आणि तो मोजके शब्द बोलतो. अर्जाबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो.

निदानाचे नाव विचारून तुमच्या हाती फारसे काही लागणार नाही. एकच निदान असलेली दोन मुले पाण्यात अगदी वेगळी वागतात. त्याऐवजी असे विचारा: पाणी दिसल्यावर मूल काय करते? थांबते, धावत सुटते की मागे सरते? ‘थांब’ हे त्याला शब्दाने कळते, चित्राने कळते की हाताच्या खुणेने? नको असेल तर ते कसे सांगते? कोणता आवाज त्याला सहन होत नाही? कोणी दंडाला धरले तर चालते का? आतापर्यंत मूल कधी नजरेआड निघून गेले आहे का, आणि गेले तेव्हा कुठे सापडले? शेवटचा प्रश्न अवघड वाटेल, पण आम्हा पालकांना तो विचारणारा माणूस भरवशाचा वाटतो. अपमान होतो तो ‘आपण याची जबाबदारी घेता ना?’ असे विचारून सही घेतली जाते तेव्हा.

माझ्या मुलाच्या वर्गात पहिले काही तास कोणी पाण्यात गेलेच नाही. ओल्या वाळूवर एक जाड दोरी आडवी टाकली होती. दोरीपाशी आले की थांबायचे, शेजारच्या मोठ्या माणसाच्या तळहातावर टाळी द्यायची आणि त्याने नाव घेतल्यावरच ओलांडायचे, एवढा एकच धडा होता. लाट पुढे येऊन दोरी भिजवून गेली तरी नियम तोच. पुढे दोरी काढून तिच्या जागी दोन झेंडे आले, त्यानंतर नुसती ओल्या वाळूची कड राहिली. आता तो कोणत्याही पाण्यापाशी आला की हात पुढे करून थांबतो. त्याला पोहता येते त्यापेक्षा या थांबण्याचा मला जास्त आधार वाटतो.

आणखी एक. तरणतलावात शिकलेले समुद्रात आपोआप उतरत नाही. तलावाला काठ असतो, तळ दिसतो, पाणी जागच्या जागी राहते. तलावात उताणे तरंगणारे मूल समुद्रात चेहऱ्यावर खारट पाण्याचा पहिला शिंतोडा उडताच गोंधळते. म्हणून प्रत्येक कौशल्य जागा बदलून पुन्हा शिकवावे लागते, शक्य असेल तेव्हा अंगात रोजचे कपडे असतानाही. मूल निसटून पाण्यात गेलेच तर ते पोहण्याच्या पोशाखात जाणार नाही.

वर्ग संपवण्याचीही आखणी करा. पाण्यातून बाहेर येणे हाच आमच्याकडे सर्वांत कठीण भाग असतो. किती वेळ उरला हे चित्रांच्या पट्टीवर दाखवत राहिले आणि बाहेर आल्यावर काय मिळणार हे आधीपासून ठरलेले असले, तर ओढाताण टळते. ओल्या, निसरड्या मुलाला दोघांनी ओढत बाहेर काढण्याचा प्रसंग सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईटच. आणि शिट्टी वाजवण्याआधी पाहा, माझ्या मुलासारखे एखादे मूल त्या आवाजाने कान झाकून विरुद्ध दिशेला पळेल, आणि ती दिशा समुद्राची असू शकते.

जलोपचार

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि लहान मुलांसोबत पाण्यात काम करते. शारीरिक बाजूबद्दल सांगते.

दिव्यांगांना पाण्यात शिकवण्याच्या हॅलिविक पद्धतीची माहिती करून घ्या. जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ मध्ये लंडनमधील हॅलिविक या दिव्यांग मुलींच्या शाळेत ती सुरू केली. दहा पायऱ्यांच्या या पद्धतीत हातपाय मारणे अगदी शेवटी येते. आधी पाण्याशी मानसिक जुळवून घेणे, मग शरीर निरनिराळ्या अक्षांभोवती फिरू लागले तर ते स्वतः आवरणे आणि पुन्हा श्वास घेता येईल अशा स्थितीत येणे, मग स्थिर तरंगणे. पाणी तोंडाजवळ आले की फुंकर मारायची, ही सवय सुरुवातीपासून लावली जाते. तुमच्या अभ्यासक्रमासाठी यातला गाभा हा की तोंड पाण्यात गेलेल्या मुलाला उताणे होऊन श्वास घेता यावा. पोहण्याची शैली कशीही असो, हे जमले तर मदत पोहोचेपर्यंतचा वेळ मिळतो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीबद्दल: शरीराची एक बाजू जास्त ताठ असेल तर पाण्यात देह त्या बाजूला वळतो. लाइफ जॅकेट सर्वसाधारण शरीर गृहीत धरून बनवलेले असते, त्यामुळे तिच्या बाबतीत ते तिला कलते किंवा पालथे करू शकते. म्हणून तिचे जॅकेट तिच्याच अंगावर, उथळ आणि शांत पाण्यात, शेजारी उभे राहून तपासल्याशिवाय समुद्रावर नेऊ नका. जॅकेटवरचा न्यूटनचा, म्हणजे तरंगवून धरण्याच्या क्षमतेचा, आकडाही वाचा. ५० न्यूटनचे साधन पोहता येणाऱ्यांसाठी मदत म्हणून असते, ते चेहरा वर ठेवण्याची हमी देत नाही. मान सावरता न येणाऱ्या मुलीला डोक्यामागे कॉलर असलेले, १०० न्यूटन किंवा त्याहून अधिक क्षमतेचे जॅकेट लागते. दंडाला लावायचे हवेचे फुगे ही सुरक्षेची साधनेच नव्हेत. थंड पाण्यात तिचे स्नायू अधिक आखडतील, म्हणून पाण्यातील वेळ थोडा आणि अंगात वेटसूट असावा.

पुढे स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष) असलेली मुले आली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. कमरेखाली संवेदना कमी असल्याने तापलेल्या वाळूने पाय भाजला किंवा शिंपल्याने कापला तरी मुलाला कळत नाही. त्यामुळे पायांत पाण्यातले बूट हवेत, आणि बाहेर आल्यावर कोणीतरी तळवे डोळ्यांनी पाहायला हवेत. या मुलांत लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते, तेव्हा रबरी टोप्या, हातमोजे आणि फुगे आधीच बाजूला काढा. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत मानेतील वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय त्यांना डोक्यावर सूर मारू देऊ नका आणि लाटेत गडगडू देऊ नका. श्वासनलिकेत नळी असलेल्या मुलाचा कार्यक्रम वाळूवर आणि घोट्याइतक्या पाण्यापुरता आखावा लागेल. तोही पूर्ण धडा होऊ शकतो.

किनारा_गट

मनापासून आभार. एक शंका आहे. हॅलिविक पद्धतीत तरंगण्याची साधने वापरत नाहीत असे वाचनात आले, आणि आपण तर लाइफ जॅकेटबद्दल इतके तपशीलवार लिहिले आहे. यांचा मेळ कसा घालायचा? शिवाय अपस्मार असलेल्या मुलाला प्रवेश द्यायला आमचे काही सहकारी तयार नाहीत. त्याला शेवटचा झटका येऊन बराच काळ लोटला आहे आणि डॉक्टरांचे पत्रही आहे.

जलोपचार

दोन्हींचा हेतू वेगळा आहे. शिकताना साधन नको, कारण साधन शरीराला तोलून धरते आणि मुलाला स्वतः तोल सावरायची गरज पडत नाही. तिथे प्रशिक्षकाचे हात हाच आधार असतो आणि तो हळूहळू कमी करता येतो. बोटीत बसताना, धक्क्यावर किंवा खोल पाण्याजवळ मात्र जॅकेट हवेच. एकाच दिवशी दोन्ही करणार असाल तर मुलांना फरक दिसू द्या: जॅकेट घातल्यावर शरीर वेगळे वागते, हे त्यांना अनुभवाने कळले पाहिजे.

त्या मुलाला नाकारू नका. धोका आहेच. २००८ च्या एका मोठ्या विश्लेषणात अपस्मार असलेल्यांना बुडून मृत्यू येण्याचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १५ ते १९ पट आढळला. पण डॉक्टरांचे पत्र आहे, औषधे नियमित आहेत, तेव्हा त्याला जलसुरक्षेची गरज इतरांहून जास्तच आहे. त्याच्यासाठी हाताच्या अंतरावर एक माणूस ठेवा, आणि पाण्यात झटका आला तर काय करायचे हे त्या माणसाने प्रत्यक्ष करून पाहिलेले असू द्या. मागून आधार देऊन डोके पाण्यावर धरायचे, हातपाय दाबायचे नाहीत, तोंडात काही घालायचे नाही, उथळ पाण्याकडे न्यायचे आणि आचके थांबले की बाहेर काढायचे. नंतर मूल ठीक दिसले तरी रुग्णालयात तपासणी व्हावी, कारण फुप्फुसांत पाणी गेलेले असू शकते. श्वास थांबलेला असेल तर युरोपातील मार्गदर्शक सूचनांनुसार बुडालेल्याला छातीवर दाब देण्याआधी पाच श्वास देतात. हे सगळ्यांनी प्रशिक्षकाकडून शिकून घ्यावे. झोप कमी झालेली असेल किंवा सकाळचा डोस चुकला असेल तर त्या दिवशी त्याने वाळूवरच थांबावे, हेही पालकांशी आधीच ठरवून ठेवा. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड ही अपस्माराची औषधे घेणाऱ्या काही मुलांना घाम कमी येतो आणि ती उन्हात लवकर तापतात, त्यामुळे अर्जात औषधांची नावे असू द्या.

हातवारे

कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. त्या भाऊ-बहिणीबद्दल लिहिते.

मुले श्रवणयंत्रे वापरत असतील किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणसाधन) केलेले असेल, तर पाण्यात उतरताना बाहेरचा भाग बहुतेक वेळा काढून ठेवावा लागतो. म्हणजे किनाऱ्यावर सूचना ऐकणारे मूल पाण्यात शिरताच काहीच ऐकत नाही, आणि स्वयंसेवकाच्या हा बदल लक्षात राहत नाही. सर्व सूचना यंत्रे कानावर असतानाच पूर्ण करा. सूचना देताना सूर्य तुमच्या चेहऱ्यावर असू द्या. तो पाठीमागे असेल तर मुलांना ओठही दिसत नाहीत आणि हातही.

झेंडा हे मुळात डोळ्यांसाठीचे साधन आहे, त्यामुळे या बाबतीत किनारा इतर अनेक ठिकाणांपेक्षा बरा. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षकांची नजर असलेला भाग, लाल म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात प्रवेश बंद, हे मुले चटकन शिकतात. जपानच्या हवामान संस्थेने २०२० मध्ये त्सुनामीच्या इशाऱ्यासाठी लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा स्वीकारला. २०११ च्या आपत्तीत ऐकू न येणाऱ्यांमधील मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होते, हे त्यामागचे एक कारण. भोंग्यावर विसंबलेली व्यवस्था कोणाला वगळते ते त्यातून पुरेसे दिसते.

तुमच्या वर्गात ‘बाहेर या’ या सूचनेसाठी एकच मोठी खूण ठरवा, ती सगळ्याच मुलांना शिकवा आणि दर काही मिनिटांनी किनाऱ्याकडे पाहण्याची सवय सगळ्यांना लावा. ऐकू येणाऱ्या मुलांनाही लाटांच्या आवाजात हाक पोहोचत नाही. पाण्यात जोड्या करा आणि जोडीदाराला खांद्याला स्पर्श करून सांगायला शिकवा. भावंडांची मात्र जोडी लावू नका, नाहीतर त्यांच्याशी खुणांनी बोलायला दुसरे कोणी शिकणारच नाही.

ओहोटीची_वेळ

एकत्र की वेगळे, हा प्रश्न अजून राहिला आहे. ऑस्ट्रेलियात जीवरक्षक मंडळांचे मुलांसाठीचे वर्ग निपर्स या नावाने चालतात. तिथल्या काही मंडळांनी दिव्यांग मुलांसाठी स्टारफिश निपर्स नावाचे गट सुरू केले आहेत. मला जो मार्ग पटतो तो असा: मंडळ एक, गणवेश एक, किनारा आणि वेळ एकच. वाळूवरचे धडे सगळ्यांचे एकत्र, आणि पाण्यातला भाग ज्याच्या त्याच्या गरजेनुसार. एखादे मूल पाण्यातही मोठ्या गटात जायला तयार झाले तर त्याच आठवड्यात जाऊ द्या, पुढच्या हंगामाची वाट पाहायला लावू नका. सगळे पहिल्या दिवसापासून पाण्यात एकत्र असावेत, असा आग्रह इथे कोणी धरला तर मी त्याला विरोध करेन. वीस मुलांच्या गलक्यात दोरीचा धडा होत नाही.

ज्यांना मेळावा घ्यायचाच आहे त्यांनी तो हंगामाच्या शेवटी घ्यावा, मुले जे शिकली ते घरच्यांना करून दाखवण्यासाठी. भाऊ-बहिणींनाही त्या दिवशी पाण्यात घ्या. घरी आणि सहलीत लक्ष ठेवण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याच वाट्याला येते, आणि त्यांनी बुडणाऱ्याच्या मागे उडी न घेता दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकायची असते हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

गणवेशाचा रंग निवडताना निळा, करडा आणि पांढरा टाळा, पाण्याखाली ते दिसेनासे होतात. भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या. कापडाचा तुकडा बादलीत नव्हे, तुमच्याच किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात बुडवून पाहा आणि मगच मागणी नोंदवा.

किनारा_गट

कापडाचे नमुने या आठवड्यात मागवतो. अर्जाचा नवा मसुदा तयार झाला की इथेच ठेवीन. दोन_पालकांपैकी_एक यांनी सुचवलेले प्रश्न जसेच्या तसे घ्यायचे आहेत, त्यांची हरकत नसेल तर.

दोन_पालकांपैकी_एक

हरकत मुळीच नाही. फक्त अर्जात एक रिकामी जागा मुलाच्या स्वतःच्या उत्तरासाठी ठेवा, ‘तुला पाण्यात काय आवडते आणि काय नको वाटते’. लिहिता येत नसेल तर चित्र चिकटवता येईल एवढी मोठी.